पेल्याचे भाडे : जहाजावरच्या वाइनची दोनशे वर्षे

क्रूझचे तिकीट काढून झाले की थोड्याच दिवसांत प्रवाशासमोर दुसरी निवड येऊन उभी राहते. रोजचे ठरावीक डॉलर आगाऊ भरा आणि हवी तेवढी वाइन प्या. किंवा पाच, सात, दहा बाटल्यांचा संच आत्ताच घेऊन ठेवा. मुंबई-पुण्याची कुटुंबे सिंगापूरहून, बार्सिलोनाहून जहाजावर चढू लागल्यापासून हा हिशेब मराठी घरांतही मांडला जातो. बहुतेकांना ती आजच्या बाजारातली नवी क्लृप्ती वाटते. प्रत्यक्षात जहाजावरची वाइन भाड्यात धरायची की पेल्यागणिक मोजायची, हा वाद फार जुना आहे, आणि त्याच्या तळाशी दर वेळी एकच अवघड प्रश्न सापडतो : न पिणाऱ्याने पिणाऱ्याचे किती भरायचे? हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

सुरुवात शिडाच्या जहाजांपासून करावी लागते. ५ जानेवारी १८१८ रोजी 'जेम्स मन्रो' हे जहाज न्यूयॉर्कहून लिव्हरपूलकडे निघाले. ब्लॅक बॉल लाइनची ही पहिली फेरी. तोवर जहाज माल भरला की सुटे; या कंपनीने तारीख आधी जाहीर केली आणि त्या तारखेला नांगर उचलला. केबिनमधल्या उतारूचे भाडे होते चाळीस गिनी, आणि त्या रकमेत बिछाना, पांघरूण, सर्व जेवणखाण आणि वाइन हे सारे धरलेले होते.

आजच्या भाषेत हे 'ऑल इन्क्लुझिव्ह' पॅकेजच. मात्र त्यामागचे कारण वेगळे होते. अटलांटिक ओलांडायला पूर्वेकडे जाताना तीन-चार आठवडे लागत, आणि परतताना वारा विरुद्ध असल्याने त्याहून कितीतरी अधिक. पिण्याचे पाणी लाकडी पिपांत भरलेले असे. दिवस सरतील तसे ते हिरवट होई आणि त्याला वास मारू लागे. अशा प्रवासात वाइन ही चैन कमी आणि शिधा अधिक होती. हे सौजन्य अर्थातच वरच्या वर्गापुरते होते. जहाजाच्या पोटात दाटीवाटीने भरलेले स्थलांतरित आपले पीठ, बटाटे आणि भांडी स्वतः घेऊन येत. त्यांच्या भाड्यात वाइन नव्हती, जेवणही नव्हते.

पुढे अमेरिकेत मद्यविरोधी चळवळ जोर धरू लागली. १८२६ मध्ये बोस्टनला अमेरिकन टेम्परन्स सोसायटी स्थापन झाली, आणि जहाजाच्या मेजावर प्रथमच असे उतारू मोठ्या संख्येने दिसू लागले जे पेला उलटा ठेवत. शेजारच्या माणसाच्या क्लॅरेटचे पैसे आपल्या भाड्यातून का जावेत, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. १८४०च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या जाहिरातींत मग केबिनचे भाडे शंभर डॉलर आणि त्यापुढे 'वाइन व मद्ये वगळून' असे शब्द येऊ लागतात. भाडे उतरले आणि पेला मोजला जाऊ लागला. नीतीची मागणी आणि व्यापाऱ्याची सोय इतक्या सहजतेने एकत्र आल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

पूर्वेकडच्या मार्गावर मात्र जुनी रीत टिकून राहिली, आणि इथे मुंबई या कथेत येते.

पेनिन्सुलर अँड ओरिएंटल, म्हणजे पी. अँड ओ., ही कंपनी १८३७ मध्ये इबेरियन द्वीपकल्पाची टपाल वाहू लागली. १८४० मध्ये तिला राजसनद मिळाली, १८४२ मध्ये 'हिंदोस्तान' ही आगबोट कलकत्त्याच्या मार्गावर आली. मुंबई-सुएझ टपालाचे काम मात्र ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या आरमाराकडेच ठेवले होते, ते पी. अँड ओ.कडे आले १८५४ मध्ये. सुएझ कालवा अजून खोदायचा होता. लंडनचा उतारू अलेक्झांड्रियाला उतरे, नाईलने कैरोला येई, आणि तिथून सुएझपर्यंतचे सुमारे ८४ मैलांचे वाळवंट ओलांडून दुसऱ्या आगबोटीत चढे. भाडे जबर होते, पण त्या भाड्यात वाइन, बिअर आणि कडक मद्येही येत. ठरल्या दिवशी शँपेनही उघडली जाई. इजिप्तमध्ये पाऊल ठेवले की मात्र हॉटेलचे आणि मद्याचे पैसे उतारूने स्वतःच्या खिशातून द्यायचे. समुद्रावर फुकट आणि जमिनीवर रोख, असा तो व्यवहार होता.

कंपनीला हे परवडत होते, कारण तिचा खरा गिऱ्हाईक उतारू नव्हताच. टपालाच्या कंत्राटापोटी ब्रिटिश सरकार मोठी रक्कम देई. उतारू हे त्यावरचे उत्पन्न. शिवाय वरच्या वर्गातले उतारू म्हणजे कंपनी सरकारचे मुलकी अधिकारी, पलटणीतले साहेब, नीळ-अफूचे व्यापारी. यांच्यात न पिणारा शोधूनच काढावा लागला असता. सगळेच पितात तिथे भाड्यात वाइन धरली काय आणि न धरली काय, कोणाचीच तक्रार नसते. पॅकेजचे अर्थशास्त्र समजून घ्यायला ही गोष्ट महत्त्वाची आहे : ते एकसारख्या सवयींच्या मंडळींत निर्धोक चालते आणि वेगळ्या सवयीचा माणूस आत आला की डळमळते.

आता पेला भरणारा हात कोणाचा होता, ते पाहू.

पी. अँड ओ.च्या जहाजांवर कामाची वाटणी जवळजवळ जातीसारखी काटेकोर होती. डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने असत. त्यांचा म्होरक्या सारंग आणि त्याच्या हाताखाली तांडेल. बॉयलरपाशी कोळसा ओढणारे बहुधा पंजाब आणि सरहद्दीकडचे. आणि भोजनगृहात, स्वयंपाकघरात, केबिनच्या दारात उभे असत ते गोव्याचे ख्रिस्ती. पोर्तुगिजांच्या गोव्यात वाढलेल्या या माणसांना गोमांस, डुकराचे मांस आणि वाइन यांपैकी कशालाच हात लावण्यात अडचण नव्हती, आणि कंपनीने हे नेमके हेरले होते.

हे गोवेकर मुंबईत जहाजाची वाट पाहत 'कुडां'त राहत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणीतून चालवलेली खोली. धोबी तलाव, माझगाव या भागांत अशा गावोगावच्या कुडी होत्या. भिंतीला लागून ओळीने पत्र्याच्या पेट्या, कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सामुदायिक रोझरी, आणि सकाळी पुन्हा नोकरीच्या शोधात गोदीची वाट. समुद्रावर रोज शेकडो पेले भरणारा माणूस जमिनीवर अशा खोलीत एका पेटीएवढ्या जागेचा धनी होता. भारतीय खलाशांचा पगार युरोपीय खलाशाच्या मानाने कितीतरी कमी असे; भाड्यात वाइन 'मोफत' देता येण्यामागे टपालाच्या अनुदानाइतकाच या स्वस्त हातांचाही वाटा होता. जहाजकंपन्यांच्या गौरवग्रंथांत शँपेनचे वर्णन हौसेने येते, हातांचे क्वचित येते.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि पी. अँड ओ.ची मक्तेदारी हादरली. वाळवंटातल्या मार्गासाठी दोन्ही बाजूंना उभारलेली गोदामे, विश्रामगृहे, जहाजे एका रात्रीत जुनी ठरली. कोणतीही नवी कंपनी आता लंडनहून थेट मुंबईला आगबोट पाठवू शकत होती. भाडी घसरली. १८७२ मध्ये टॉमस सदरलँड कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक झाले आणि काटकसरीचे दिवस आले. त्याच दशकात भाड्यातली फुकट वाइन बंद झाली. अटलांटिकवर जे काम मद्यविरोधी चळवळीने केले, ते हिंदी महासागरावर एका कालव्याने केले.

आता पेला मागावा, चिठ्ठीवर सही करावी, हिशेब नंतर. ही चिठ्ठीसुद्धा आपलीच. इंग्रजीतला 'चिट' हा शब्द आपल्या चिठ्ठीवरून गेला. हिंदुस्थानातल्या क्लबांत साहेब रोख न देता 'चिट'वर सही करीत आणि महिनाअखेरीस बिलाचा आकडा पाहून चकित होत. आज जहाजावर प्रवाशाच्या गळ्यात लटकणारे कार्ड हेच काम करते. खिशातून नोट जात नाही तोवर माणूस मोजत नाही, हे त्या क्लबांच्या खजिनदारांना पक्के ठाऊक होते.

या नव्या रीतीचा फायदा कोणाला झाला? त्याचे एक उदाहरण सर्वज्ञात आहे, पण या बाजूने ते फारसे पाहिले जात नाही. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबई बंदरातून पी. अँड ओ.ची 'क्लाइड' ही आगबोट सुटली. तिच्यावर मोहनदास गांधी नावाचा, वयाची एकोणीस वर्षेही पुरी न झालेला मुलगा होता. आईच्या समाधानासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर त्याने मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श न करण्याची प्रतिज्ञा घेतली होती. मुंबईतल्या मोढ वाण्यांच्या पंचायतीने तरीही त्याला वाळीत टाकले. साहेबांच्या पंगतीत खाणेपिणे टळत नाही, असे शेटजींचे म्हणणे होते. त्या काळी हा आक्षेप किती तीव्र होता हे समजण्यासाठी पुण्याकडे पाहावे : १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले. चहाची ही कथा, तर जहाजावरच्या भोजनगृहाची काय असणार!

गांधींनी जहाजावर भोजनगृहात जाणेच टाळले. काटे-चमचे चालवता येत नव्हते, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नव्हते. घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवर बराच काळ केबिनमध्ये बसून काढला. सोबत जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते, त्यांना मात्र कोणाशीही बोलायला संकोच नसे. मांसावाचून विलायतेत जगता येणार नाही, असे एका इंग्रज सहप्रवाशाने प्रेमाने बजावले. भोजनाचे पैसे भाड्यात भरलेलेच होते. न खाल्लेल्या जेवणाचे कोणी परत देणार नव्हते. वाइन तेवढी वेगळी निघालेली असल्यामुळे न प्यालेल्या पेल्याचे पैसे मात्र गेले नाहीत. प्रतिज्ञा घेतलेल्या त्या मुलाच्या बाजूने त्या आगबोटीवर एवढी एकच गोष्ट अनुकूल होती, आणि ती कोणी त्याच्यासाठी केलेली नव्हती.

आत्मकथेत एक गमतीदार तपशील आहे. मांस खाल्ले नाही, असे दाखले गांधींनी सहप्रवाशांकडून मागून घेतले आणि काही काळ जपले. पुढे कळले की मांस खाणाऱ्यालाही असा दाखला मिळू शकतो. मग त्या कागदांचे आकर्षण संपले.

इथवर जहाज म्हणजे कुठेतरी पोहोचण्याचे साधन होते. केवळ फिरून यायचे म्हणून जहाजात बसण्याची कल्पना हळूहळू रुजली. १८४४ मध्ये पी. अँड ओ.ने विल्यम थॅकरे या लेखकाला भूमध्य समुद्राची सफर फुकट घडवली; त्यावरचे त्याचे पुस्तक १८४६ मध्ये आले. जाहिरात आणि साहित्य यांच्या युतीचा तो आरंभीचा नमुना म्हणता येईल. पण खरी क्रूझ मानली जाते ती हॅम्बुर्गच्या अल्बर्ट बॅलिनची. हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू मिळत नसत, जहाजे बंदरात बांधून ठेवावी लागत. जानेवारी १८९१ मध्ये बॅलिनने 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्रात फिरायला पाठवली. रिकामे जहाज उभे ठेवण्यापेक्षा फिरवलेले बरे, एवढाच त्यामागचा विचार होता.

मग १९२० साल उजाडले आणि अमेरिकेत दारूबंदी आली. जहाजावरची वाइन ही आता भाड्याची बाब राहिली नाही, ती सरहद्दीची बाब झाली.

कायदा कुठपर्यंत लागू? किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंत समुद्र अमेरिकेचा. परदेशी जहाज न्यूयॉर्कला येणार, त्याच्या कोठारात परतीच्या प्रवासाची वाइन असणार. ती मोहोरबंद असली तरी गुन्हा होतो का? क्युनार्ड कंपनीने अमेरिकेचे अर्थमंत्री मेलन यांच्याविरुद्ध दावा लावला. ३० एप्रिल १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : अमेरिकेच्या सागरी हद्दीत कोणत्याही जहाजावर मद्य असता कामा नये, कुलूपबंदसुद्धा नाही. त्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात 'बाल्टिक' आणि 'बेरेंगारिया' या ब्रिटिश जहाजांवर अधिकारी चढले आणि ब्रिटिश सरकारची मोहोर तोडून मद्य जप्त केले. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश कंपन्यांची अडचण आणखी विचित्र होती. त्यांच्या देशांच्या कायद्याने खलाशाला रोजच्या शिध्यात वाइन देणे बंधनकारक होते. दिली तर अमेरिकेचा गुन्हा, न दिली तर मायदेशाचा.

शेवटी जानेवारी १९२४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात तह झाला. ब्रिटिश जहाजांना मोहोरबंद मद्य घेऊन अमेरिकी बंदरात येण्याची मुभा मिळाली. बदल्यात दारूची चोरटी आयात पकडण्यासाठी किनाऱ्यापासून जहाजाच्या एका तासाच्या वाटचालीइतक्या अंतरापर्यंत झडती घेण्याचा हक्क अमेरिकेला मिळाला. वाइनच्या बाटलीसाठी दोन महासत्तांनी समुद्राची रेघ नव्याने आखली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

अमेरिकी झेंड्याखालच्या सरकारी जहाजांचे मात्र हाल झाले. हद्दीबाहेर त्यांच्यावर कायद्याचे बंधन नाही, असे त्याच निकालात न्यायालय म्हणाले होते; तरी सरकारने आपली जहाजे कोरडीच ठेवली. जर्मनांकडून मिळालेले अवाढव्य 'लेव्हायथन' १९२३ मध्ये थाटात सुरू झाले, आणि शेजारच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या ओल्या ब्रिटिश जहाजांकडे तहानलेले अमेरिकी उतारू वळले. मंदीच्या काळात तर क्युनार्डची जहाजे न्यूयॉर्कहून निघून कुठेच न जाता तीन-चार दिवसांनी परत येऊ लागली. कुठेही न नेणाऱ्या या सफरींत उतारूला एकच ठिकाण गाठायचे असे : तीन मैलांची रेघ. ती ओलांडली की बार उघडे. भाडे स्वस्त, कारण कमाई पेल्यावर. आजच्या क्रूझच्या धंद्याचा नमुना याच रेघेवर तयार झाला. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली, नमुना राहिला.

एक अपवाद सांगायला हवा. फ्रेंच लाइनच्या जहाजांवर जेवणासोबतची साधी लाल आणि पांढरी वाइन पाण्यासारखी मेजावर ठेवलेली असे, वेगळे पैसे न घेता. १९७४ मध्ये सेवेतून गेलेल्या 'फ्रान्स' जहाजापर्यंत ही रीत चालली. फ्रेंच माणसाच्या लेखी ती मद्यात मोडत नव्हती, जेवणात मोडत होती. कोकणी माणसाला जेवणानंतरच्या सोलकढीचे वेगळे बिल आले तर जसे वाटेल, तसे त्यांना वाटले असते.

अमेरिकेने जी रेघ पुसली ती पुढे मुंबईने ओढली. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा करणाऱ्यांत मोरारजी देसाई अग्रभागी होते, आणि एप्रिल १९५०पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. पण मुंबई हे बंदर आहे, हे कायद्याच्या मसुदाकारांना विसरता येत नव्हते. आगबोट कंपन्यांना आणि जहाजांच्या कप्तानांना परवाने देण्याची वेगळी तरतूद कायद्यात होती. युद्धनौका, सैन्याची जहाजे आणि सैनिकी भोजनगृहांसाठी आणखी एक. एफ. एन. बलसारा या मुंबईकराने या कायद्याला आव्हान दिले. घरी व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर ठेवण्याचा आणि औषधी मद्य व कलोन वॉटर वापरण्याचा हक्क त्यांना हवा होता. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. फझल अली यांच्या निकालपत्रातून कायद्याचा मोठा भाग उचलून धरला. औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी तेवढी रद्द केली. सैनिकांना आणि युद्धनौकांना दिलेली सवलत समतेच्या तत्त्वाविरुद्ध नाही, असेही ठरवले.

परिणामी मुंबईच्या धक्क्यावर उभे असलेले परदेशी जहाज आणि त्यासमोरचे शहर हे दोन वेगळे कायदे असलेले दोन मुलूख झाले. जहाजावर पेले भरणारा गोवेकर सुट्टीवर उतरला की त्याच्या कुडीत तोच पेला गुन्हा ठरे. किनाऱ्याने दक्षिणेला गेले की पोर्तुगिजांच्या गोव्यात पुन्हा तो मोकळा. दारूबंदी पुढे टप्प्याटप्प्याने सैल झाली, पण तो कायदा आजही महाराष्ट्रात आहे, आणि मद्य पिण्यासाठी परवाना लागतो ही गोष्ट बहुतेक पिणाऱ्यांना ठाऊकही नसते.

विमानांनी १९६०च्या दशकात आगबोटींचे उतारू पळवले. उरलेली जहाजे करमणुकीकडे वळली. ११ मार्च १९७२ रोजी कार्निव्हल या नव्या कंपनीचे 'मार्डी ग्रा' पहिल्याच फेरीत मायामीच्या बंदरालगत वाळूत रुतले. जहाज हलेना; बार चालू राहिला. 'मार्डी ग्रा ऑन द रॉक्स' हा विनोद तेव्हाचा. रुतलेल्या जहाजावरही लोक मजेत राहू शकतात, हे ध्यानात आले, आणि जहाज हेच ठिकाण म्हणून विकण्याचा धंदा उभा राहिला. भाडे शक्य तितके खाली आणायचे आणि जहाजावरच्या खर्चातून ते भरून काढायचे, ही त्याची रीत. वाइन पुन्हा एका रकमेत बांधली गेली ती यातूनच. मात्र ब्लॅक बॉल लाइनच्या चाळीस गिनींत आणि आजच्या पॅकेजात एक फरक आहे. तेव्हा वाइन भाड्यात होती म्हणून कोणी मोजत नसे. आज ती भाड्याबाहेर काढून, तिची किंमत चढवून, मग 'न मोजण्याची' मुभा वेगळी विकली जाते.

मोजून पाहू. समजा, एक पेला बारा डॉलरचा आणि अमर्याद पॅकेज दिवसाला साठ डॉलरचे. सेवाशुल्क, साधारण अठरा ते वीस टक्के, दोन्हींवर सारखेच. म्हणजे पाचवा पेला रिकामा होईपर्यंत पॅकेज तोट्यात. दीडशे मिलीलिटरचा एक पेला धरला तर ७५० मिलीलिटरच्या बाटलीत पाच पेले. सात रात्रींत माणशी सात बाटल्या प्याल्या की पैसे फिटले, फायदा आठव्या बाटलीपासून. त्यात निम्मे दिवस जहाज बंदरात उभे, माणसे गावात फिरायला गेलेली. हिशेब जमवण्यासाठी प्यावे लागते, आणि इथेच सुट्टीचे काम होते. शिवाय 'अमर्याद' या शब्दालाही मर्यादा असते. कार्निव्हलच्या पॅकेजात चोवीस तासांत पंधरा मद्यपेयांवर काटा थांबतो.

उलट, रात्रीच्या जेवणाला दोघे मिळून चार पेले घेणारे जोडपे सात रात्रींत २८ पेले पिते, म्हणजे सहा बाटल्यांना थोड्या कमी. सुट्या पेल्यांनी त्याचे ३३६ डॉलर, दोघांच्या अमर्याद पॅकेजाचे ८४० डॉलर. बाटल्यांचा संच याच माणसांसाठी आहे : उरलेल्या बाटलीला वाढपी बूच लावतो, केबिनचा क्रमांक लिहितो आणि दुसऱ्या रात्री तीच मेजावर आणून ठेवतो. अनेक कंपन्या चढताना माणशी एक बाटली सोबत आणू देतात. भोजनगृहात ती उघडली तर बूच काढण्याचे पैसे लागतात, केबिनमध्ये उघडली तर बहुधा नाही.

आणि जुना प्रश्न? तो छोट्या अक्षरांत आहे. अमर्याद पॅकेज एकाने घेतले तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढानेही घ्यावे, अशी अट अनेक कंपन्यांत असते. एकाच्या नावावर दोघांनी पिऊ नये म्हणून. आजारपण, गरोदरपण किंवा तत्सम कारण सांगून सूट मागता येते, तेव्हा न पिणाऱ्याला सरबत-कॉफीचे स्वस्त पॅकेज घ्यायला सांगतात. आयुष्यात थेंब न घेतलेल्या सासूबाई सुनेबरोबर एका केबिनमध्ये असतील, तर आपण पीत नाही हे त्यांच्या वतीने कोणीतरी फोनवरून पटवून द्यायचे. 'क्लाइड'वरच्या दाखल्यांचे हे नवे रूप. बाटल्यांच्या संचाला बहुधा ही अट नसते, आणि तेवढ्या एका कारणासाठीसुद्धा मिश्र सवयींच्या कुटुंबाने तोच पाहावा.

पेला भरणारा हात आजही पुष्कळदा गोव्याचा किंवा मुंबईचा असतो. कूड जवळपास गेली, त्या जागी भरती-एजंटांच्या कचेऱ्या आणि महिनोन्‌महिन्यांचे करार आले. सेवाशुल्क पॅकेजात आधीच भरलेले असल्यामुळे प्रवासी हात आखडता घेतो. त्यातले नेमके किती त्या हातापर्यंत पोहोचते, हे मेजावर बसलेल्याला दिसत नाही.

संचातल्या न उघडलेल्या बाटल्या बहुतेक कंपन्या शेवटच्या दिवशी घरी नेऊ देतात. मुंबईच्या विमानतळावर माणशी दोन लिटरपर्यंत सूट आहे, म्हणजे दोन बाटल्या. तिसरी निघाली, तर तिचे सीमाशुल्क वेगळे.